हात पुढे

"उठा!" पुष्पलता म्हणाली. वर्ग उठला. "बसा!" वर्ग बसला. तिसऱ्या खेपेला पोरं खिदळू लागली आणि मागे बाकावर बसलेल्या चंद्रकला मॅडमनी मान डोलावली. पुष्पलताचा जीव भांड्यात पडला.

हा तिच्या परीक्षेचा पाठ होता. घरी एक बोली आणि शाळेत मराठी, अशा मुलांना ही दुसरी भाषा कशी शिकवायची, त्याचं एम.ए. ती नोकरी सांभाळून करत होती. पाठ बघायला मॅडम जीपचे हादरे खात जव्हारहून मोखाड्याच्या या टोकाच्या पाड्यावर आल्या होत्या. पद्धत साधी. भाषांतर नाही, पाठांतर नाही. बाईंनी सांगायचं, करून दाखवायचं, पोरांनी करायचं. अंग आधी शिकतं, जीभ मागून येते.

सगळं अडलं होतं ते माघीपाशी. पहिलीतली ही पोर जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. ओढ्यावर पाहावं तर तोंडाचा पट्टा चालू, शाळेत आली की तोंडात मिठाची गुळणी. पुष्पलताने प्रबंधही तिच्यावरच लिहायला घेतला होता.

"दुसरी भाषा शिकताना मुलं आधी नुसती ऐकतात," मॅडम सकाळी म्हणाल्या होत्या. "तो मौनाचा काळ. पण इतका लांबत नाही. आज ती एक शब्द बोलली ना, तर तुम्ही जिंकलात."

"आजीवर गेलीय हो ती," पुष्पलता म्हणाली होती.

आजी म्हणजे धोंडीबाई. ही याच शाळेत दुसरीपर्यंत शिकलेली. रोज नातीला सोडायला येई. दारात थांबून तिच्या तोंडावर तळवा ठेवी, चांगला दाबून, आणि न बोलता माघारी वळे. नागलीच्या भाकरीचे कण पुसत असेल, असं पुष्पलताला वाटे. केवढी ही माया! आज परक्या मॅडमना बघून माघी आजीचं लुगडं सोडेना, तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "आजींनाही बसू द्या पोरांत." धोंडीबाई उंबऱ्यावर बराच वेळ घुटमळली. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून पोरांच्या मागे टेकली.

फोटो दामोदर गुरुजींचा, पुष्पलताच्या वडिलांचा. याच खोलीत त्यांनी उभी हयात घालवली. गुरुजींच्या वर्गात घरच्या बोलीचा एक शब्द कानावर पडायचा नाही, असं पाड्यापाड्यावर अजून सांगतात. सांगणाऱ्याचा आवाज तेव्हा आपोआप खाली येतो. पुष्पलताला तो आदर वाटायचा. गुरुजी जाऊन वर्षं लोटली, पण शाळेतून काही गेले नव्हते. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. वाऱ्याने दार आपटलं की पाड्यावरचे म्हणत, गुरुजी आले. शाळा सुटल्यावर एकटीने फळा पुसताना पुष्पलतालाही पाठीवर कुणाची तरी नजर जाणवे. तिला त्याची भीती वाटत नसे, उलट आधारच वाटे. आवाजही तिला थेट त्यांचाच आला होता, खर्जातला.

आणि हातात त्यांचीच छडी होती. तेल पाजून गुळगुळीत झालेली.

"ही कशाला?" मॅडमनी भुवई उंचावली होती.

"चित्रं दाखवायला. बाबांची आठवण आहे. त्यांनी आयुष्यात कुणाला फुलाची छडीसुद्धा लावली नाही." घरी ते तसंच सांगत आले होते.

"हात वर!" आता पुष्पलता म्हणाली. सगळे हात वर गेले. माघीचाही गेला. धोंडीबाईने पदर तोंडाला लावून, लाजत, आपलाही उचलला. मॅडम हसल्या. पाठ रंगात आला होता, आणि माघीचे ओठ हलताहेत असं पुष्पलताला दिसलं. हो, हलत होते! आता शब्द येणार. तिने आवाज खणखणीत लावला, छडी उंचावली.

"हात पुढे!"

पोरांनी वेडेवाकडे हात पुढे केले. कुणाची मूठ, कुणाचं कोपर, कुणी शेजारच्याच्या बरगडीत. एक हात मात्र सरळ आला. तळवा वर, बोटं ताठ, अंगठा आत दुमडलेला. तो धोंडीबाईचा होता. तिची मान एका बाजूला वळली होती. डोळे गच्च मिटले होते. दुसरा तळवा माघीच्या तोंडावर घट्ट बसला होता.

पोरं हसायची थांबली.

आजी गंमत करतेय, असं पुष्पलताला क्षणभर वाटलं. मग तिची नजर त्या ताठ बोटांवरून आपल्या हातातल्या छडीवर आली. तिने छडी पाठीमागे लपवली. पण मिटल्या डोळ्यांना ते कसं कळावं? ती धोंडीबाईजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. भिंतीवरच्या फोटोकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

"आजी," ती म्हणाली. हळू बोलायला गेली आणि नेमका तोच, खर्जातला आवाज निघाला. "काय झालं, आजी?"

धोंडीबाईने डोळे उघडले नाहीत. हात आणखी थोडा पुढे आला.

"आमची बोली नाय काढली तोंडातून, गुरुजी," ती म्हणाली. "पोरीला पन तेच शिकवलाय."