मान दाखवायचा आरसा

सरकारने माझ्या सलूनच्या दारासमोर भिंत उभारली. गल्ली तुटली, मेहुणा पलीकडे अडकला. पण माझा आरसा काही त्या भिंतीला जुमानत नाही. केस कापून झाले की गिऱ्हाइकाला मान दाखवायला मी हातातला आरसा मागे धरतो. त्यात दार दिसतं, पण दारापुढे भिंत नसते. पूर्वीची गल्ली असते.

आज चौकीवरचे साहेब केस कापायला बसले. म्हणाले, "तो आरसा फोडून टाक. लोकांना नाही नाही ते दिसतं."

"आधी मान तर बघा," म्हणत मी आरसा धरला.

साहेबांचा चेहरा उतरला. आरशात मेहुणा खांद्यावर टॉवेल टाकून गल्ली ओलांडत होता.

"खाली घे तो," साहेब कुजबुजले.

मी आणखी वर धरला.

दाराची कडी वाजली.