दारावरचा पोचा
"एवढ्या चांगल्या दाराला पोचा पाडू? येड लागलंय का, भाऊ?" कुरुळीचा डेंटर नागसेन वैतागला. जुन्या फियाटचं सडलेलं दार बदलायला त्यानं तीन महिने भंगारबाजार पालथे घातले होते.

गणराजनं हात जोडले. "जुन्या दारावर होता, तिथंच पाडा. बाबांना गाडी ओळखू येईना. ती ओळखली, तर मलाही ओळखतील."

गाडीचा जुना फोटो बघत नागसेननं हातोडी मारली.

गाडी घरी आली. बाबा दारावरून हात फिरवता फिरवता थांबले. हसले.

"आमचीच गाडी! आमच्या गण्यानं सायकल घातली इथं." मग गणराजकडे वळून त्यांनी अदबीनं विचारलं, "कुठं लपलाय, पाहिलंत का हो? दिसला तर सांगा, बाबा मारणार नाहीत म्हणावं."