काठ लागेपर्यंत

दोन होड्या बांबूंनी जखडून त्यांवर पॉवर टिलर चढवला, तशी मंजुळा वल्ह्याला बसली. होड्या तिच्या, टिलर तिच्या दिराचा. नवरा गेल्यापासून खाडीपल्याडचं तिचं शेत त्याने बांध कोरून कोरून खाल्लं होतं. आज उरलेला बांधच नांगरायला निघाला होता.

“जपून, वहिनी. तुझ्या होडीहून महाग आहे यंत्र.”

“आणि तुमच्या शब्दाहून जड, भावोजी.”

होडीपाशी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, पाण्यावर वैर धरायचं नाही, ही सासऱ्याची शिकवण.

मधोमध ओहोटीने हिसका दिला. टिलर घसरला, दिराच्या बाजूची होडी कलली. त्याला पोहता येत नव्हतं. मंजुळा नुसती बसून राहिली असती, तरी खाडीने यंत्रासकट त्याला गिळलं असतं. पण “वल्हवा!” म्हणत वल्हं त्याच्याकडे फेकून तिने दुसऱ्या होडीच्या कडेवर भार टाकला आणि टिलरचा दोर काठ लागेपर्यंत ओढून धरला.

“वहिनी, देवासारखी धावलीस,” चिखलात उतरून तो पुटपुटला.

मंजुळाने सोललेले तळहात पदराला पुसले, त्याच्या हातातलं वल्हं घेतलं आणि बांधावर जाऊन उभी राहिली.

“पाणी संपलं, भावोजी. आता चालवा यंत्र.”