अंगठ्याची बाजू

"दुसऱ्या बाजूनं घास ना," मुबीना म्हणाली.

"तिकडं त्याची पाठ आहे, अम्मी. पोट आणि पाय इकडं आहेत."

करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर यूम्नानं कॉलेजातून आणलेला सूक्ष्मदर्शक मांडला होता. त्याखाली तसबीहचा, म्हणजे जपमाळेचा, सर्वांत मोठा, लांबट मणी होता. कहरुब्याचा, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या चिकाचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या चिकात तिळाएवढा भुंगेरा अडकला होता. त्याच्या मागच्या पंजाला चारच पेरं असली, तर आजवर कुणी न नोंदवलेली प्रजाती ठरणार होती ती. पण पोटाकडच्या बाजूला अंगठ्याएवढा खळगा होता, झिजून धुरकट झालेला. त्यातून काही दिसत नव्हतं.

खळगा यूम्नाच्या अब्बांचा. मस्कतमधल्या सगळ्या वर्षांत मुश्ताकचा अंगठा तिथंच टेकलेला असायचा. त्याला दफनही मस्कतलाच केलं. पनवेलला एक बॅग आली, तिच्यात ही तसबीह.

"लोकांच्या पोरी डॉक्टर होतात," मुबीना म्हणाली.

"मी डॉक्टरच आहे."

"कुणाला एक गोळी तरी दिलीस?"

यूम्ना हसली. मुबीना हसली नाही.

"घासून झाल्यावर परत ओवून देशील?"

"नाही, अम्मी. ज्या नमुन्यावरून वर्णन लिहितात, तो संग्रहालयात ठेवावा लागतो. घरी नाही येणार."

मुबीना उठून आत गेली. यूम्नानं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. मणी उचलून तसबीहशेजारी ठेवला.

मुबीना वाडग्यात पाणी घेऊन आली. "पाणी लागेल म्हणालीस ना."

यूम्नानं पॉलिशपेपर ओला केला. मणी त्यावर हलकेच फिरवला, पाण्यात बुडवला, पुसला, पाहिला, पुन्हा फिरवला. वाडग्यातलं पाणी दुधाळ होत गेलं. खळगा उथळ झाला. मग उरलाच नाही.

आता सगळं स्वच्छ दिसत होतं. मागचा पाय पोटाशी दुमडलेला, पंजा मोकळा. तिनं पेरं मोजली. पुन्हा मोजली. आणि लिहिलं: मागचा पंजा चार पेरांचा.

"मिळालं?"

"मिळालं."

मुबीनानं मान हलवली. यूम्ना वाडगं घेऊन मोरीकडं निघाली.

"ते मोरीत नको ओतू."

"मग कुठं ओतू?"

मुबीनानं वाडगं तिच्या हातून घेतलं. डोक्यावर ओढणी सारखी केली, चपला पायांत सरकवल्या, दार उघडलं. आणि दुधाळ पाणी दोन्ही हातांत धरून ती उंबऱ्यातच उभी राहिली.