नावासकट

"प्रोग्रामच नाई, तं मेसेज कसा जाईन?" भगवंतराव खुर्चीत टेकले. "आजचा दिवस राहू दे."

शालूनं स्क्रीनवरची नजर काढली नाही. डोणगावच्या शेतकरी गटाचं कार्यालय ती सांभाळायची. भगवंतराव गटाचे अध्यक्ष. इथल्या लिनक्स सर्व्हरवरून रोज दुपारी गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर बाजारभाव जायचे. आज ती आली, तर मेसेज पाठवणारा प्रोग्राम कुणीतरी पुसून टाकलेला. इंटरनेटची वायरही उपटलेली.

"पुसला कोनं, ते मी इचारत नाई," ती म्हणाली. "त्याचा सोर्स कोड सीडीवर आहे माह्यापाशी. इथंच बनवतो पुन्हा."

तिनं सीडी घातली, फाइल उघडली आणि काळ्या पडद्यावर कमांड टाइप केली. ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. प्रोग्रामला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सापडत नव्हती. ती बसल्याशिवाय प्रोग्राम बनणार नव्हता.

"पाह्य. मशीन बी नाई म्हनते," भगवंतराव म्हणाले.

"मशीन काय पाह्यजे ते सांगते तरी. मानसं सांगत नाईत."

त्या लायब्ररीचा सोर्सही सीडीवर होता. तिनं आधी ती बनवायला घेतली.

बाकावर निवृत्ती बसला होता. काल अडत्या नारायणरावांच्या काट्यावर त्याचं सोयाबीन कमी भरलं होतं. शालूनं गटाचा काटा नेऊन भर बाजारात ते पुन्हा मोजलं. नारायणरावांचा काटा खोटा निघाला. तिथं होते त्यांनी पाहिलं; पण बीबी, मेहकर या गावांकडून जे उद्या माल आणणार होते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आजच्या मेसेजात ती तेच कळवणार होती.

"नाव नको टाकू," भगवंतराव हळू आवाजात म्हणाले. "एक अडत्या, इतकंच लिव."

"मंग सगळेच अडते चोर ठरतीन."

"नारायणराव मोठा मानूस आहे, शालू. पस्तावशीन."

"पस्तावीन."

निवृत्ती उठून तिच्या टेबलाशी आला. "राहू दे, पोरी. माहं नुकसान मी सोसतो. तू काऊन हे अंगावर घेऊन राह्यली?"

"तुमी सोसान, काका. उद्या येतीन त्यायनं काऊन सोसावं?"

लायब्ररी बसली. प्रोग्राम बनू लागला आणि निम्म्यावर पुन्हा अडला. शालूनं एरर वाचली, लायब्ररीचा चुकलेला मार्ग दुरुस्त केला, पुन्हा कमांड दिली. या वेळी ओळी शेवटपर्यंत गेल्या.

भगवंतराव उठले. त्यांचा हात भिंतीवरच्या मेन स्विचकडे गेला.

"बंद करा," ती म्हणाली. "उद्या पुन्हा बनवीन. परवा बी बनवीन."

ते तसेच उभे राहिले. मग हात खाली आला.

तिनं उपटलेल्या वायरीऐवजी सिमकार्डाचा मोडेम जोडला. काटा खोटा निघाल्याचं लिहिलं, नारायणरावांचं पूर्ण नाव लिहिलं, दुकानाचा पत्ता लिहिला, आणि एंटर दाबलं.

निवृत्तीच्या खिशात फोन वाजला. मग भगवंतरावांचा. बाहेर बाजारात एकेक करत वाजू लागले. लोक बोलायचे थांबून वाचत होते.

थोड्या वेळानं शालूचा फोन वाजू लागला. तो बराच वाजू दिल्यावर तिनं कानाला लावला.

"हाव, बाबा," ती म्हणाली. "तुमचं नाव मीच टाकलं."