नळी सुटल्यावर

स्वारगेटमागच्या कारखान्यात मेहजबीनने आता पुण्यातही मिळणारी परदेशी चिप वापरून भुलीच्या मशीनला अलार्म बसवला होता. रुग्णाची श्वासाची नळी सुटली, की मशीनने ओरडायचं. तिने नळी काढली, मशीन ओरडलं. जोडली, पुन्हा काढली, पुन्हा ओरडलं. “अहो मॅडम, मशीन पास झालंय. आता काय त्याला डॉक्टरेट देणार?” म्हणत तिचे वरिष्ठ सुखदेवसाहेब चहाला बाहेर पडले. तिला तो आवाज अजून हवा होता. काही वर्षांपूर्वी नवऱ्याचं साधं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. त्या दुपारी थिएटरबाहेर तीच सासूला धीर देत होती, “अम्मी, आतून काही आवाज नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.” आत नळी सुटली होती, अलार्म नसलेलं मशीन गप्पच होतं, आणि नवरा परत आलाच नाही. तिने पुन्हा नळी काढली. मशीन किंचाळलं. साहेब कप टाकून धावत आले. “काय झालं?” “काही नाही. तुम्ही धावत आलात ना, तेवढंच पाहायचं होतं.”