तेवढा क्लॅरिनेटचा तुकडा

शेवंताकाकूंनी मांडीवरचा रेडिओ उचलून कानाशी धरला. त्यांचे यजमान अण्णू जाऊन आठवडा झाला होता. जन्मभर त्यांनी गाणाऱ्यांच्या मागे बसून क्लॅरिनेट वाजवलं. एकट्याचा म्हणावा असा तुकडा एवढ्या एकाच गाण्यात, दोन कडव्यांच्या मधे. घरात त्याची रेकॉर्ड नव्हती. आज गावच्या रेडिओने आदरांजली म्हणून तेच गाणं लावलं होतं.

पहिलं कडवं संपलं. क्लॅरिनेट सुरू झालं आणि निवेदिकाही सुरू झाली. "काय ते सूर, काय तो दमसास! ऐकत राहावं, श्रोतेहो, नुसतं ऐकत राहावं..." ती सांगतच राहिली. गायिका पुन्हा गाऊ लागली, तेव्हा मात्र अदबीने थांबली.

"गाण्यात बोलू नये, एवढं शिकवलेलं दिसतंय," काकू म्हणाल्या. "सूनबाई, लाव त्या भवानीला फोन."

फोन थेट कार्यक्रमातच लागला. सुनेने ओळख सांगून तो काकूंच्या हातात दिला.

"बोला काकू, मन मोकळं करा. काय आठवतं काकांचं?"

"तुझ्या बडबडीत ऐकू आलं तर आठवेल ना, बाई. गाणं परत लाव. आणि ते वाजवायला लागले की तोंड मीट. जमेल?"

"नक्की, काकू."

गाणं पुन्हा लागलं. काकूंनी डोळे मिटले. पहिलं कडवं संपलं.

"श्रोतेहो, काकूंच्या इच्छेनुसार," निवेदिका हळूच म्हणाली, "आता आपण सारे एक मिनिट स्तब्ध राहू या."

तिने गाणं थांबवलं आणि शब्द पाळला. मिनिटभर रेडिओवर कुणी चकार शब्द काढला नाही. क्लॅरिनेटनेसुद्धा.